रात्रीचा दर

डंडीत डिसेंबरात सूर्य पावणेनऊला येतो
आणि साडेतीनच्या सुमाराला निघतो,
अर्धवेळ कामावर असल्यासारखा,
टे नदीवरच्या ढगाआडून नुसती सही करून.

म्हणून कढीपत्त्यासाठी दिवा आणला.
पंचेचाळीस वॅट, जांभळट.
सकाळी सहा ते रात्री आठ.
वृषालीनं पहिलं बिल फ्रिजवर लावलं,
बोलली काही नाही.

मग मी वही घातली.
दिवसाचा दर एकतीस पेन्स, रात्रीचा चौदा,
आणि रात्र म्हणजे, वीज कंपनीच्या लेखी,
साडेबारा ते साडेसात.
दाराशेजारच्या कपाटातलं जुनं मीटर
बरोब्बर साडेबाराला खट् करतं,
कुणीतरी आतून कडी काढावी तसं.

दिवा वीतभर खाली घेतला.
वेफर्सची रिकामी पाकिटं उलटी करून, पुसून,
चंदेरी बाजू झाडाकडे करून पुठ्ठ्यावर डकवली
(व्हिनेगरचा वास अजून जात नाही).
चौदा तासांचे सात केले, सगळे रात्रीचे.
उरलेलं खिडकीनं जमेल तसं भागवायचं.
एकोणीस पेन्सांचे साडेचार झाले.
आठवडाभर मी झाडाकडे
आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहत होतो.
दोन पानं गळली.
मग शेंड्याला एक तांबूस कोंब,
तो मी वृषालीला उठवून दाखवला.
चुकलंच ते.

एका रात्री खट् झालं, दिवा लागला,
आणि त्याच क्षणी फोनही उजळला:
सावंतवाडीहून कुंदाताईचं शुभ सकाळ,
गुलाब, दवबिंदू, खाली एक सुविचार.
तिकडे सहा वाजले होते.
मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
म्हणजे आमचं झाड सकाळी सहाला उठतं
आणि दुपारी एकला, जेवणवेळेला, मिटतं.
त्यानं सावंतवाडी पाहिलेली नाही.
लेस्टरच्या नर्सरीतलं ते, बी म्हणे स्पेनचं.
घड्याळ मात्र कुंदाताईचं.
हे तिला कळवलं, तर तिनं लिहिलं,
मग त्याला सांग, दात घास.

जानेवारीत मिसेस गेडिस जिना चढून आल्या.
मागच्या अंगणापलीकडे, दुसरा मजला, एकट्या.
आधी त्यांना वाटलं होतं, मी गांजा लावलाय.
पोलिसांना विचारण्याआधी मला विचारलं,
एवढा शेजारधर्म.
मी पान चुरडून हातावर ठेवलं.
त्यांनी हुंगलं, बराच वेळ.
म्हणाल्या, मग ते तसंच चालू राहू दे.
काचबिंदूचे थेंब घालायचे असतात मला,
झोपण्याआधी.
घड्याळातले काटे दिसत नाहीत आताशा,
तुमची जांभळी खिडकी दिसते.

मार्च संपता संपता
सगळ्या देशानं घड्याळं तासभर पुढे ढकलली.
जुन्या मीटरला कुणी सांगितलं नाही.
त्याची स्वस्त रात्र आता दीडला सुरू होते,
आणि त्याच्याबरोबर माझा दिवा.
तिसऱ्या दिवशी दार वाजलं.
कोटाखाली झोपायचा गाऊन, डोळे लाल.
म्हणाल्या, तुमचा सूर्य उशिरा येतोय.
झाडाला काही फरक पडला नव्हता.
त्या मात्र तीन रात्री तासभर जास्त जागल्या होत्या,
खिडकीशी, हीटर बंद ठेवून,
हातात ती एवढीशी बाटली.

टायमर साडेबाराला आणला.
पहिला तास आता महागातला.
वहीत नवा रकाना आखला:
मिसेस गेडिस, रोज पाऊण पेनी.
वृषालीनं वाचलं,
आणि बिलाशिवाय फ्रिजवर उरलेलं लोहचुंबक
त्या पानावर आणून ठेवलं.

झाडाला हल्ली पहाटे पाचलाच उठावं लागतं.
कुंदाताई अजून झोपलेली असते.
दिवा लागतो, पलीकडे एक पडदा हलतो,
आणि तासाभरानं, उशिरा,
आत कपाटात मीटर खट् करतं.